सल्ला : गोष्ट आधी सांगा, ओवी मागून येऊ द्या

पत्र : ताई, मी नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घेते. मुलं पाच ते बारा वयाची, बहुतेक इंग्लिश मीडियमची. दर रविवारी गोष्ट सांगते, सोनेरी वचन (बायबलमधलं एक वाक्य पाठ करायला) देते, पुढच्या रविवारी विचारलं की सगळं पुसलेलं. परवा एकाने योनाऐवजी नोहाला माशाच्या पोटात घातलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या! म्हणून मी गोष्टींच्या कविता करायला लागले. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कयाची मुलांना आवडली (सोबत पाठवतेय), पण योसेफाची चाळीस ओळींची केली तिला कंटाळली. मंडळीतले एक वडीलधारे म्हणतात, देवाच्या वचनात आपले शब्द घालू नयेत. काही आया म्हणतात, यूट्यूबवरची इंग्लिश ॲक्शन साँग्ज लगेच पाठ होतात, मग हा खटाटोप कशाला. आणि पाळकसाहेबांना नाताळात पाठांतर स्पर्धा हवीय. मी करतेय ते बरोबर आहे का? आणि पुढे कसं करू?
– एक संडे स्कूल टीचर

प्रिय टीचर,

बरोबर आहे, अगदी बरोबर आहे, आणि कृपा करून सोडू नका. तुमचं पत्र वाचून मला इतका आनंद झाला की उत्तर थोडं लांबेल, तेवढं चालवून घ्या.

आधी त्या वडीलधाऱ्यांचं घेऊ, कारण तो प्रश्न मनात टोचत राहिला तर तुमचा हातच चालणार नाही. त्यांची काळजी खोटी नाहीये, तिच्याकडे मी परत येणारच आहे, पण गोष्ट गाण्यात घालून मुलांना शिकवायची ही पद्धत तुम्ही आज काढलेली नाही, ती बायबलमध्येच आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा ३१वा अध्याय काढून त्यांच्यासोबत वाचा. मोशेचे शेवटचे दिवस आहेत आणि देव त्याला सांगतो की हे गीत लिहून घे, लोकांना शिकव, त्यांच्या तोंडी बसव, आणि पुढचा ३२वा अध्याय म्हणजे तेच गीत. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ७८वं स्तोत्र घ्या, मिसरातून (इजिप्तमधून) सुटका, समुद्र, मान्ना (रानात देवाने दिलेलं अन्न), पार दावीद राजापर्यंतचा सगळा इतिहास काव्यात सांगितलाय आणि सुरुवातीलाच म्हटलंय की हे आम्ही पुढच्या पिढीपासून लपवून ठेवणार नाही. ११९वं स्तोत्र तर पाठांतरासाठीच बांधल्यासारखं आहे, हिब्रूची २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराने सुरू होणारी आठ-आठ वचनं, म्हणजे १७६. पुढचं वचन आठवेना तर निदान अक्षर तरी हाताशी असतं!

आणि आपल्या मातीतलं म्हणाल तर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि त्यांनी आदामापासून येशूपर्यंतची अख्खी कथा ओवीत लिहिली, जवळपास अकरा हजार ओव्या, १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलेलं ‘क्रिस्तपुराण’. का लिहिलं? तर नवख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय, बसून ऐकायचं, सोबत म्हणायचं, आणि ते सुटल्यावर त्या जागी त्यांच्या हाती काहीच नव्हतं. पुढे तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन यातून हेच केलं, ख्रिस्ताचं चरित्र, ‘ख्रिस्तायन’, ओवीतच लिहायला घेतलं, १९१९ला ते गेले तेव्हा ते अपुरं होतं आणि पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. तेव्हा त्या काकांना (की आजोबांना) नम्रपणे सांगा की ही आपलीच वाट आहे.

आता त्यांची काळजी. तुमची जक्कयाची कविता मी मोठ्याने म्हणून पाहिली, चाल छान बसते, मुलांना का आवडली ते लगेच कळलं. पण ही ओळ बघा –

उंबरावर चढून बसला
येशू त्याला पाहून हसला

येशू हसला असं लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात कुठे आहे? नाहीये. ‘बसला’ला यमक हवं म्हणून ‘हसला’ आलं. तुम्हाला वाटेल एवढ्याशा शब्दाने काय होतंय, पण मूल चाळीस वर्षांनी सुद्धा छातीठोकपणे सांगेल की येशू हसला होता, कारण कवितेत आलेलं पुसलं जात नाही, त्यासाठीच तर आपण कविता करतोय ना! काकांना नेमकी याचीच भीती आहे आणि ती रास्त आहे. दुसरं म्हणजे कविता बुटक्या जक्कयावर आणि झाडावर रेंगाळते, सहा ओळी झाडावरच जातात, आणि घरी गेल्यावर काय झालं ते शेवटी एका ओळीत उरकलंय, ‘जक्कय मग चांगला झाला’. म्हणजे काय झाला? अहो तो मुख्य जकातदार होता, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, आणि तो उभा राहून म्हणतो की माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. गोष्ट इथे आहे. झाड लक्षात राहायला कवितेची गरजच नाही, झाडावर चढलेला मोठा माणूस कुठलंही मूल विसरत नाही. विसरतं ते हे चौपट.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच की कविता करायला बसलात की आधी ठरवायचं, या गोष्टीतली कुठली गोष्ट मुलाच्या हातून निसटते, आणि यमक बरोब्बर तिथे आणायचं. यमक म्हणजे भिंतीवरची खुंटी आहे, तिला जे टांगाल ते टिकेल, मग तिथे भरतीचे शब्द का टांगायचे? मी तुमचं शेवटचं कडवं असं करून पाहिलं, आवडलं तर घ्या नाहीतर तुमचं तुम्ही करा –

“आज तुझ्या घरी उतरतो मी,
ये रे जक्कया खाली झटपट.”
“अर्धं धन हे गोरगरिबांना,
लुबाडलं ते देतो चौपट!”

‘चौपट’ म्हणताना मुलांना चार बोटं वर करायला लावा. आणि मग थांबून विचारा, समजा कुणाचे दहा रुपये लुबाडले असतील तर किती द्यायचे? मोठी मुलं हिशोब घालतील, छोटी बोटं मोजतील, आणि मग एखादं विचारेल, पण टीचर एवढे का? हा ‘का’ आला की तुमचा तो रविवार वसूल झाला असं समजा.

कविता तयार झाली की बायबल उघडं ठेवून ओळ न् ओळ अध्यायाशी ताडून बघायची. जे तिथे नाही ते काढायचं, यमक मोडलं तरी चालेल. हे काम त्या वडीलधाऱ्यांनाच सोबत घेऊन करा, मनापासून सांगतेय, त्यांना बायबल पाठ असणार, त्यांच्या नजरेतून एकही चुकीचा शब्द सुटणार नाही, आणि मग विरोधाचा प्रश्नच राहत नाही. आणि सोनेरी वचन मात्र जसंच्या तसं राहू द्या, त्यात काना-मात्रेचा सुद्धा बदल नको, त्याला यमक लावू नका, फार तर चाल लावा. गोष्ट आपल्या शब्दात, वचन बायबलच्या शब्दात, ही रेघ मुलांनाही कळली पाहिजे.

आता चाळीस ओळींचा योसेफ. टीचर, चाळीस ओळी मोठ्या माणसाला पण एका दमात जायच्या नाहीत. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, ३७व्या अध्यायापासून पार ५०व्यापर्यंत चालते ही गोष्ट, ती एका रविवारी कशी मावेल? तिचे पाच मुक्काम करा : झगा, भावांनी टाकलं तो खड्डा, पोटीफरचं (त्याच्या मिसरी धन्याचं) घर, तुरुंग, फारोचा (मिसरच्या राजाचा) दरबार. एका रविवारी एकच मुक्काम, त्याच्या चार ओळी, बस्स. आणि प्रत्येक मुक्कामाच्या शेवटी एकच ध्रुवपद येऊ द्या, ते तर बायबलच देतंय बघा, ३९व्या अध्यायात पोटीफरच्या घरी पण आणि तुरुंगात पण तेच पुन्हा सांगितलंय की परमेश्वर योसेफाबरोबर होता. ‘योसेफ होता का एकटा? नाही नाही, परमेश्वर त्याच्याबरोबर!’ असं काहीतरी. पाच वर्षांच्या मुलांना फक्त तेवढंच द्या, बाकीच्या ओळी मोठ्यांना. तुमच्याकडे पाच आणि बारा वर्षांची मुलं एकाच चटईवर बसतात ना, त्यावर मला तरी याच्याइतका सोपा उपाय माहीत नाही. छोट्यांना वाटतं आपण सगळं गाणं म्हणतोय आणि मोठ्यांना बाळबोध वाटत नाही.

यासाठी १३६वं स्तोत्र मुलांकडून एकदा करून घ्या. २६ वचनं, प्रत्येकाच्या शेवटी तेच, ‘कारण त्याची दया सनातन आहे’. तुम्ही पहिला अर्धा भाग म्हणा, मुलं दुसरा. त्यात सृष्टीची उत्पत्ती आहे, मिसर आहे, तांबडा समुद्र दुभंगणं आहे, रानातली वाट आहे, म्हणजे अर्धा जुना करार सवाल-जबाबासारखा होऊन जातो आणि पाठ करा असं कुणाला सांगावं पण लागत नाही.

नोहा माशाच्या पोटात गेला त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. त्या मुलाला पाणी लक्षात आहे, मोठा प्राणी लक्षात आहे, माणूस वाचला हे सुद्धा लक्षात आहे, फक्त कोण कुठे आणि कुणानंतर कोण ही ओळ नाहीये. गोष्टी सुट्या सुट्या सांगितल्या की असंच होतं. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या कवितेशिवाय एक क्रमाची कविता हवी, जी दर रविवारी सुरुवातीला म्हणायची आणि जशी नवी गोष्ट होईल तशी एक ओळ वाढवायची –

आधी आदाम, मग नोहा, नोहानंतर अब्राहाम,
अब्राहामाचा इसहाक, इसहाकाचा याकोब नाम,
याकोबाचे बारा मुलगे, योसेफ त्यातला मिसरात,
तिथून मोशे घेऊन निघाला, वाट फुटली समुद्रात...

पुढे यहोशवा, शमुवेल, शौल, दावीद, शलमोन, तुम्हीच चालवा. योना त्याच्याही बराच पुढे येतो, मग मुलांना आपोआप कळतं की नोहा आणि योना यांची गाठच पडली नसणार. योनाची गोष्ट घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा, चारच अध्याय आहेत, आणि दुसरा अध्याय म्हणजे माशाच्या पोटात केलेली प्रार्थना, तीच मुळात कविता आहे. सगळे मासा आला की गोष्ट संपवतात. पण पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर, की या निनवे शहरात एक लाख वीस हजाराहून जास्त माणसं आहेत, शिवाय गुरंढोरं, त्यांची मला दया येऊ नये का? मुलांना मोठे आकडे फार आवडतात, ‘एक लाख वीस हजार’ हेच ध्रुवपद करा आणि कविता त्या प्रश्नावर सोडा, उत्तर मुलांना देऊ द्या.

क्रमासाठी आपल्याकडे तर जात्यावरची ओवी आहेच. ‘पहिली माझी ओवी’, ‘दुसरी माझी ओवी’ अशी मोजत जाणारी. तुमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायकांना चाल नक्की येत असेल, एखाद्या आजींना बोलवा वर्गात. उत्पत्तीचा पहिला अध्याय याच्यात इतका सहज बसतो –

पहिली माझी ओवी पहिल्या दिसाला
उजेड हो म्हणे देव, उजेड झाला

दुसरी माझी ओवी दुसऱ्या दिसाला
आभाळाचा मांडव पाण्यात घातला

तिसरी माझी ओवी तिसऱ्या दिसाला
कोरडी झाली भुई, कोंब हिरवा आला

चौथी माझी ओवी चौथ्या दिसाला
सूर्य-चंद्र-चांदण्यांचा दिवा लाविला

पाचवी, सहावी, सातवी मी मुद्दाम देत नाहीये, त्या मुलांकडून करून घ्या. पहिली ओळ तयार आहेच, दुसरीच्या शेवटी ‘-ला’ आलं पाहिजे एवढंच सांगायचं. ‘मासा पोहला’, ‘पक्षी उडाला’, ‘देव विसावला’, बघा कसं पटापट येतं, आणि स्वतः जुळवलेली ओळ मूल विसरत नाही. फळ्यावर तीन-तीन दिवसांच्या दोन रांगा लिहा, वर एक-दोन-तीन, खाली चार-पाच-सहा. पहिल्या दिवशी उजेड, त्याच्याखाली चौथ्या दिवशी उजेडाचे दिवे. दुसऱ्या दिवशी आभाळ आणि पाणी, खाली पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी जमीन, खाली सहाव्या दिवशी जमिनीवरची जनावरं आणि माणूस. आधी घर, मग त्यात राहणारे. हे एकदा दिसलं की कुठल्या दिवशी काय हे परत कधी चुकत नाही, मोठ्यांचं पण! आणि एखादी चुणचुणीत मुलगी विचारेलच की सूर्य चौथ्या दिवशी तर पहिल्या दिवशी उजेड कुठून आला. तो प्रश्न दाबू नका, हा प्रश्न फार जुन्या काळापासून मोठमोठ्या लोकांना पडलाय असं सांगा आणि पाळकसाहेबांकडे घेऊन जा.

शिकवायचं कसं ते थोडक्यात सांगते. गोष्ट आधी, कविता नंतर. हे उलटं कधीच करू नका, नाहीतर मुलं पोपटासारखं म्हणतात आणि आत काही नसतं. पूर्ण गोष्ट रंगवून सांगा, मग चार ओळी, तुम्ही म्हणा, ती म्हणतील, टाळ्यांवर, चालत चालत. मग यमकाचा शब्द तुम्ही गाळायचा आणि त्यांनी भरायचा, हा खेळ त्यांना खूप आवडतो आणि खरं पाठांतर इथेच होतं, नुसतं दहा वेळा घोकण्यात नाही. कागद वाटू नका. इंग्लिश मीडियमच्या मुलांना देवनागरी वाचताना अडखळायला होतं आणि मग कवितेचीच धास्ती बसते, पण त्यांच्या कानाला मराठी पक्की असते, घरात तीच तर ऐकतात. त्याऐवजी चालीत म्हणून व्हॉइस नोट करा आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, बुधवारी एकदा आठवण करून द्या, रविवारी पहिल्यांदा तेच, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने परत एकदा अचानक. मधे गॅप ठेवून परत आठवायला लावलं की पक्कं होतं. सगळं एका रविवारी कोंबलं की पुढच्या रविवारी पुसलेलं असतंच.

इंग्लिश ॲक्शन साँग्जना माझा विरोध नाही, म्हणू देत की, हात-पाय हलतात, मजा येते. पण त्या आयांना एवढंच विचारा की ते गाणं मूल घरी आजीला म्हणून दाखवतं का, आणि आजी त्यात एक ओळ जोडू शकते का? मराठी ओवी घरी गेली की आजी सोबत म्हणते, चुकलं तर सांगते, आपल्याला येणारं एखादं भजन काढते. प्रार्थना मूल ज्या भाषेत ऐकतं त्या भाषेत गोष्ट राहिली तर ती घरात वापरली जाते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं आणि यावर मी तडजोड करणार नाही.

राहिली स्पर्धा. पाळकसाहेबांचा हेतू चांगलाच आहे, मुलांचं कौतुक व्हावं हाच. पण पाठांतर स्पर्धेत जे मूल आधीच धीट आहे तेच जिंकतं आणि जे अडखळतं ते सगळ्या मंडळीसमोर अडखळतं, मग जानेवारीपासून ते संडे स्कूलला यायला कुरकुर करतं. त्यांना असं सुचवून बघा की स्पर्धेऐवजी नाताळाच्या कार्यक्रमात सगळी मुलं मिळून एक गोष्ट सादर करतील, शुभवर्तमानातली जन्मकथाच घ्या, गब्रीएल, नासरेथ, बेथलेहेम, गव्हाणी, मेंढपाळ, अशा चार-चार ओळींच्या मुक्कामांची, आणि ध्रुवपद पूर्ण मंडळी म्हणेल. मागी लोक (बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) घ्यायचे असतील तर मत्तयचं शुभवर्तमान उघडून ठेवा, तिथे ते किती जण होते हे लिहिलेलं नाही, भेटी तीन आहेत, तेव्हा ‘तीन राजे’ असं यमकासाठी सुद्धा नको. लाजऱ्या मुलाला ध्रुवपदाची सुरुवात करून द्यायचं काम द्या, तीनच शब्द असतात पण त्याच्यामागून सगळं चर्च म्हणतं. आणि बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यांना सारखं द्या, ज्या आजींनी ओवीची चाल शिकवली त्यांना पण. तयारी आत्तापासूनच सुरू करा, महिन्याला एक मुक्काम धरला तर घाई होणार नाही.